सूर्यास्ताचा तक्ता

मुलांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल आणि धाकटीला कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल, हे मला माहीत आहे. पण इंग्रजीत लिहिलं तर तुमच्या पणजोबांचं बोलणं माझ्या हातून नीट उतरणार नाही, आणि ते उतरलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

आत्ताच का, याची दोन कारणं आहेत. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पहिल्याचं फारसं चांगलं झालं नाही, म्हणून लिहायचं ते आधी लिहून ठेवते. दुसरं कारण म्हणजे थोरल्यानं पाठवलेला त्याच्या शाळेच्या जॅझ बँडचा व्हिडिओ. त्यात एके ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात, आणि तू पियानोवरचे हात उचलून ओठांतल्या ओठांत आकडे मोजतोस. तेवढा तुकडा मी पुन्हा पुन्हा पाहिला. मग तुझ्या आईनं फोनवर विचारलं, "अहो आई, आपल्या घरात पूर्वी कुणी वाजवायचं का?" मी म्हटलं, "हो, माझे वडील," आणि तिला आंब्याच्या लोणच्याचं सांगत बसले. उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं.

शहराचं नाव आता बदललं आहे. मी इथं औरंगाबाद लिहिलं तर समजून घ्या. तेव्हा तेच होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बिडकीनजवळच्या एका खेड्यातले. घरची काळी जमीन होती, बैल होते, विहिरीला पाणी होतं. त्यात त्यांचं मन लागलं नाही. पंधरा-सोळा वर्षांचे असताना ते घर सोडून सिकंदराबादला गेले आणि निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये भरती झाले. तिथल्या बँडमास्तरांनी, ते गोव्याचे होते, अण्णांना नोटेशन वाचायला शिकवलं आणि पियानोवर बसवलं. कागदावर लिहिलंय तेवढंच वाजवायचं, ही त्यांची शिस्त. मग महायुद्ध आलं. तिथं काही दिवस मुक्कामाला असलेल्या एका काळ्या अमेरिकन सैनिकानं मेसमधल्या पियानोवर अण्णांना वेगळंच काही दाखवलं. लिहिलेलं सोडून द्यायचं, मन नेईल तिकडे जायचं, पण मोजणी सोडायची नाही. मोजणी चालू असली की परत यायच्या वेळी बरोबर त्या जागेवर येता येतं.

"तीन आठवडे बसलो त्याच्यापाशी," अण्णा सांगायचे. "पर त्या तीन आठवड्यांनी माझं लई वाटोळं केलं." हे सांगताना ते हसत असत. आई हसत नसे.

पोलीस अॅक्शन झाली तेव्हा मी सहा वर्षांची होते. निजामाची फौज मोडली, तसा बँडही मोडला. अण्णा आम्हाला घेऊन औरंगाबादला आले आणि शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. त्याच सुमारास छावणीतल्या एका मेसचं सामान लिलावात निघालं. आई खुर्च्या आणायला सांगत होती. अण्णा पियानो घेऊन आले.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो पियानो मनुष्यापेक्षा जास्त तापायचा. लाकूड वाळायचं, तारा उतरायच्या. म्हणून मार्चपासून आई त्याच्या पोटात, खालची फळी काढून, पाण्याचं पितळी पातेलं ठेवायची आणि दोन दिवसांनी भरायची. "घरात एक म्हैस आहे, ती दूध देत नाही," असं ती शेजारणींना सांगे. पण पातेलं भरायला ती कधी विसरली नाही.

पोटासाठी अण्णांनी लग्नाचा बँड काढला. मास्तर ते. क्लॅरिनेटवर चाचा होते, निजामाच्या बँडपासूनचे त्यांचे सोबती. पोलीस अॅक्शननंतरच्या महिन्यांत चाचांच्या गावाकडे काय झालं, ते चाचांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ते एक दिवस क्लॅरिनेटची पेटी आणि एक उशी घेऊन आमच्या दारात आले, नंतर पलीकडच्या गल्लीत राहायला लागले, एवढंच मला आठवतं. ड्रमवाला, ट्रम्पेटवाला आणि मोठ्या पितळी कर्ण्यावरचा एक थोराड गडी, असे मिळून पाच.

थोरले काका बिडकीनहून आले की ओट्यावर बसूनच बोलायचे. "पाटलाच्या घरातला माणूस दुसऱ्याच्या वरातीपुढं फुकतोय. माझ्या पोरीला स्थळं येईनात तुझ्यापायी."

"मी फुकत नाय, दादा," अण्णा म्हणायचे. "फुकणारे तिघं आहेत. मी फक्त हात हालवतो."

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे येते. त्या काळी वरात मशिदीसमोरून जाताना बाजा बंद करायची रीत होती. सगळेच बँड बंद करायचे आणि मशीद मागे पडली की गाणं जिथं सोडलं तिथून उचलायचे. अण्णांचा बँड असं करत नसे. बाजा थांबला तरी गाणं थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद्यं खाली, तोंडं बंद, पण ड्रमवाल्याचं पाऊल मोजतच राहायचं आणि त्याच्या पावलाकडे बघत बाकीचे मनात मोजायचे. मशिदीचा दुसरा कोपरा आला की पाचही जण एकदम सुरू व्हायचे, आणि गाणं तोवर जिथं पोचलं असेल तिथून. वाटेत अजान लागली तरीही हाच नियम.

वऱ्हाडी बुचकळ्यात पडायचे. एकदा एका नवरदेवाच्या मामानं वरात थांबवून विचारलं होतं, "ओ मास्तर, मधलं कडवं कुणी खाल्लं?"

चाचा शांतपणे म्हणाले, "दूल्हेमियाँने."

असं वर्षानुवर्षं केल्यावर ते अंगात भिनलं होतं. त्यांना ठरवावं लागत नसे. हे नीट लक्षात ठेवा.

अण्णांनी मला छावणीतल्या मिशनच्या शाळेत घातलं होतं. लोक म्हणत, बाजेवाल्याची पोर मडमेच्या शाळेत. अण्णांचा हेतू साधा होता. त्यांचं इंग्रजी कवायतीपुरतं. पत्रं लिहायला आणि नोटेशनवरच्या सूचना वाचायला त्यांना घरचं माणूस हवं होतं. नवव्या वर्षापासून मी वहीत पट्टीनं पाच-पाच रेघा आखून द्यायला लागले. तुमचा बाबा म्हणतो ना की आई मसाल्याच्या डब्यांवरही तारखा लिहिते? ती सवय तिथली.

रोज दुपारी अण्णा पियानोवर बसायचे. तेव्हा जे वाजायचं त्याला गल्लीत नाव नव्हतं. आई त्याला "ते तुमचं भटकणं" म्हणायची. नसेल पियानो तर जेवताना पाटावर, बोलताना मांडीवर, झोपलेल्या माझ्या भावाच्या पाठीवर त्यांची बोटं चालायची. त्यांच्या शेजारी बसलं की आपल्यालाच कुठेतरी जायचं राहिलंय असं वाटायचं.

मी तेरा वर्षांची असताना मुंबईहून पत्र आलं. आमच्या बँडचा पहिला ट्रम्पेटवाला दोन वर्षांपूर्वी मुंबईला गेला होता, जागा मिळाली की बायकोला बोलावतो म्हणून. ती आमच्याच गल्लीत राहायची आणि टपालाच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायची. त्या दिवशी टपालवाला तिच्यासमोरून आला आणि तिच्या नवऱ्याचं पत्र अण्णांच्या हातात देऊन गेला. तिला काही नव्हतं. पत्रात लिहिलं होतं, या, इथं हॉटेलांत पियानोवाले कमी पडतायत.

अण्णांनी काळी पत्र्याची ट्रंक काढली. सूट, स्वेटर, माझ्या आखलेल्या वह्या तिच्यात भरल्या आणि ती दाराजवळ ठेवली.

"आणि आम्ही?" आईनं विचारलं.

"बोलावून घेतो की."

आईनं दारातून समोरच्या ओट्याकडे पाहिलं. ती बाई अजून तिथंच बसली होती.

"हे बघ," अण्णा म्हणाले, "गावातल्या हॉटेलात एक पियानो नुसता पडून आहे. अजिंठ्याला येणारे गोरे लोक चिकलठाण्याला विमानानं उतरतात आणि तिथंच राहतात. मॅनेजरला नाचाला बँड पाहिजे, हिवाळ्याचे चार-पाच महिने, दर शनिवारी. ते जमलं तर मी हितंच. नाय जमलं तर संक्रांतीआधी मुंबई."

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे ट्रंकेला वळसा घालून चालू लागले. कुणी तिला हलवली नाही.

मॅनेजरसाहेबांना पत्र मी लिहिलं. उत्तर आलं. एका शनिवारी हिरवळीवर, पाच ते सात, चहापानाच्या वेळी वाजवून दाखवा. आवडलं तर पूर्ण हंगाम. कार्यक्रमाचा कागदही मीच केला. किती वाजता कोणती धून, सगळं वेळेनुसार. अण्णांची सगळ्यांत आवडती संथ धून, जिच्यात ते सर्वांना सोडून लांब जायचे आणि परत यायचे, ती मी पाच पन्नासला ठेवली. तोवर पाहुण्यांचे चहाचे कप खाली ठेवून झालेले असतील, असा माझा हिशेब. तो कागद अण्णांनी पाहिला, चाचांनी पाहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही. रोज कानावर पडणारी गोष्ट कागदावर कुणी मांडत नाही.

शनिवारी सुरुवात छान झाली. सहा-सात जोडपी नाचत होती. मी पियानोजवळ स्टुलावर बसून पानं उलटत होते. पाच पन्नासला ती धून सुरू झाली. अण्णा निघाले. चाचा त्यांच्या मागून हळूच गेले. सूर्य झाडांमागे गेला होता.

रस्त्यापलीकडच्या मशिदीतून अजान आली.

चाचांचं क्लॅरिनेट खाली आलं. ट्रम्पेट खाली आलं. कर्णा थांबला. अण्णांचे हात पट्ट्यांवरून उठले आणि मांडीवर जाऊन बसले. त्यांनी तसं ठरवलं नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, हात उठल्यावर त्यांना कळलं. पण तोवर ड्रमवाल्याचं पाऊल मोजू लागलं होतं, आणि मोजणी सुरू झाली की मधे घुसता येत नाही.

जोडपी पाऊल उचललेल्या अवस्थेत थबकली. एक बाई हसली. कुणाला वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकेक करून सगळे खुर्च्यांवर जाऊन बसले. मॅनेजरसाहेब लगबगीनं आले आणि अण्णांच्या कानाशी वाकून इंग्रजीत विचारू लागले, पियानो बिघडला का? अण्णांनी मान हलवली. पाचही जण ताठ बसून होते आणि हिरवळीवर फक्त एका बुटाचा आवाज येत होता. धून मनातल्या मनात दोनदा पूर्ण फिरली, तिसऱ्यांदा सुरू झाली. अजान संपली. आणि तिसऱ्या फेरीच्या मधोमध, एका ओळीच्या पोटात, पाचही वाद्यं एकदम घुसली. एका बाईच्या कपातला चहा सांडला.

ते इतकं अचूक होतं की माझ्या अंगावर काटा आला. नाचायला मात्र परत कुणी उठलं नाही.

सात वाजता मॅनेजरसाहेबांनी आम्हाला व्हरांड्यात बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. मी दोन्ही बाजूंनी भाषांतर करत होते. "बँड चांगला आहे," ते म्हणाले. "पण मध्येच बंद पडणारा बँड मला चालणार नाही. पुन्हा थांबणार नाही असं सांगा, शनिवार तुमचे."

मी अण्णांना सांगितलं. चाचा मागे उभे होते, त्यांना समजलंच होतं. ते म्हणाले, "मास्टर, तुम बजाव. मैं उस टैम को नीचे उतरके बैठतूँ. क्या होता? कुछ नहीं होता."

"गप बसा हो चाचा," अण्णा म्हणाले. मग मला म्हणाले, "साहेबाला सांग, आठ दिवसांत कळवतो."

घरी येताना टांग्यात मी माझा कागद घडी करून मुठीत दाबला होता. पाच पन्नास मी लिहिलं होतं. ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही, आजपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा एक विचित्र गोष्ट करायला लागले. संध्याकाळच्या अजानच्या पाच मिनिटं आधी पियानोवर बसायचे आणि तीच धून काढायचे. अजान लागली की हात उठायचे. पहिल्या दिवशी उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दात आवळले, तरी उठले. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच्या हातांवर ओरडले, "अरे, ऱ्हावा की खाली!" आई स्वयंपाकघरात भाकरी थापायची थांबायची. हात राहिले तर अण्णा राहतील, हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण हात राहावेत असं वाटतंय का, ते आम्हा दोघींना कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी ते वाजवत राहिले. अजान सुरू झाली, चालू राहिली, संपली, आणि पियानो थांबला नाही. पण थोड्या वेळानं ते कुठं आहेत हेच कळेना. परत यायची जागा येऊन गेली. ते तसेच पुढे गेले, मागे आले, पुन्हा शोधलं, आणि शेवटी झाकण लावलं.

"वाजतं," ते आईला म्हणाले. "वाजवता येतं. पर मोजणी ऱ्हात नाय."

मग ते उठून ट्रंकेची कडी लागली आहे का, ते पाहून आले.

त्या संध्याकाळी मी आईचं पंचांग घेतलं. त्यात रोजच्या सूर्यास्ताची वेळ असते, आणि संध्याकाळची अजान सूर्य मावळला की लगेच होते. मोठा कागद घेतला, पट्टी घेतली, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच्या सगळ्या शनिवारांचा तक्ता इंग्रजीत केला. तारीख, सूर्यास्त, आणि तिसऱ्या रकान्यात दहा मिनिटांचं मध्यंतर, दर आठवड्याला थोडं सरकणारं. मध्यंतराचं कारण मी लिहिलं, हिरवळीवरचे दिवे लावण्यासाठी. अजान हा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता.

सकाळी चाचांना दाखवला. त्यांनी इंग्रजी आकडे बोटानं वाचले आणि हसायला लागले.

"बेटी, तुम्हारा सूरज पाँच मिनट लेट है."

"पंचांगातलं आहे, चाचा."

"पंचांग कां का है?"

मी मुखपृष्ठ पाहिलं. पंचांग पुण्याचं होतं, आणि पुण्यात सूर्य आमच्यापेक्षा उशिरा मावळतो.

पाच मिनिटं म्हणजे पुन्हा तीच फजिती झाली असती. उरलेले तीन दिवस मी अण्णांचं घड्याळ घेऊन गच्चीवर उभी राहिले. सूर्य किती वाजता जातो, अजान किती वाजता येते, दोन्ही लिहून घेतलं. चाचा खाली गल्लीतून ओरडायचे, "लिखे क्या?" मी वरून ओरडायची, "लिहिलं!" मग सगळे रकाने पाच मिनिटांनी मागे घेऊन तक्ता पुन्हा नव्यानं काढला. अण्णा बघत होते. त्यांची बोटं कठड्यावर चालत होती.

आठव्या दिवशी मी आणि अण्णा हॉटेलात गेलो. मॅनेजरसाहेबांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. वाचता वाचता त्यांनी एकदा खिडकीतून रस्त्यापलीकडे पाहिलं. म्हणाले, "पाहुण्यांच्या वेळा बँड ठरवतो, असं मी कुठे ऐकलं नव्हतं." मग पुन्हा तिसऱ्या रकान्याकडे पाहिलं. "पण दिवे लावायला वेळ लागतोच." त्यांनी कोपऱ्यात सही केली. "एक हंगाम. हा कागद तुमच्याकडे ठेवा, मला नक्कल द्या."

मी भाषांतर करायच्या आधीच अण्णा उठून उभे राहिले होते.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं ट्रंक उघडली, अण्णांचा स्वेटर बाहेर काढला आणि झटकला. "थंडी पडायला लागलीय, घाला," म्हणाली. बाकीचं सामान तिनं आतच राहू दिलं.

तिचं बरोबर होतं. एका हंगामाचे चार झाले. दरवर्षी मी नवा तक्ता करायची, आणि दरवर्षी फेब्रुवारी संपला की अण्णांचे डोळे ट्रंकेकडे जायचे. पुढे हॉटेलात तबकड्या वाजवणारा रेडिओग्राम आला आणि शनिवार बंद झाले. तेव्हा ते मुंबईला गेलेच. एका सिनेमाच्या स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदात पियानोवर बसत. आम्ही दर आठवड्याला पत्राची वाट पाहिली, आणि पत्र दर आठवड्याला आलं. अकराव्या महिन्यात ते स्वतःच परत आले. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं समदं लिहिलेलंच वाजवायचं." त्यानंतर म्हातारपणापर्यंत लग्नांचाच बँड. शेवटच्या वर्षांत लोकांनी गाडीवर भोंगे बांधले, त्यात पावलानं मोजणारा माणूस कुणाला लागत नव्हता. चाचा आधी गेले. त्यांच्या मयतीहून परतल्यावर अण्णा पियानोसमोर बसले होते, झाकण न उघडता, आणि त्यांचं पाऊल चालू होतं.

ते समाधानी होते का, असं तुम्ही विचाराल. नव्हते. मी त्यांना स्वस्थ बसलेलं कधी पाहिलं नाही.

पियानोला वाळवी लागली. तो जाऊन आता खूप वर्षं झाली. पितळी पातेलं आमच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात डाळ भिजत घालतो. ट्रंक माझ्या पलंगाखाली आहे. तिच्यात अण्णांचा सूट नाही, वह्याही नाहीत. पहिल्या हंगामाचा तक्ता आहे, मॅनेजरसाहेबांच्या सहीसकट. शाई तपकिरी झाली आहे, पण तिन्ही रकाने वाचता येतात.